नसण्याची नोंद: रिलेशनल डेटाबेसची निवड आणि अभावाचा प्रश्न

रिलेशनल डेटाबेस हा विधानांचा संग्रह असतो. टेबलातली प्रत्येक ओळ काहीतरी ठामपणे सांगते: अमुक क्रमांकाच्या रुग्णाला अमुक तारखेला अमुक लस दिली. एडगर कॉड हे मूळचे गणिती. आयबीएमच्या सॅन होजे येथील संशोधन प्रयोगशाळेत असताना त्यांनी १९७० साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात माहितीच्या साठ्याकडे संचसिद्धान्त आणि तर्कशास्त्र यांच्या नजरेने पाहिले होते. माहिती चकतीवर कुठे आणि कशी ठेवली आहे, याच्याशी विचारणाऱ्याला कर्तव्य असू नये. त्याने फक्त काय खरे आहे ते विचारावे, हा त्या निबंधाचा गाभा. एकदा हे मान्य केले की डेटाबेस हा ज्ञानाचा दावा करणारा साक्षीदार ठरतो आणि ज्ञानाविषयीचे जुने प्रश्न त्याला लागू होतात. जे नाही ते नाही हे कशावरून कळते? दोन गोष्टी वेगळ्या की एकच, हे कशावरून ठरते? एकाच वेळी अनेकांनी पाहिलेली सत्ये एकत्र नांदतात का?

ओरॅकल, आयबीएमचा डीबी२, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल, त्यातून निघालेला मारियाडीबी आणि एसक्यूलाइट या साऱ्या प्रणाली एसक्यूएल हीच भाषा बोलतात. या भाषेला १९८६ पासून अधिकृत मानक आहे. तरीही वरच्या प्रश्नांना त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत. प्रणाली निवडताना बहुधा वेग, किंमत आणि मनुष्यबळ यांचा तक्ता मांडला जातो. त्या गोष्टी खऱ्याच आहेत. पण वेग यंत्रसामग्री बदलून वाढवता येतो, किंमत वाटाघाटीने उतरते, माणसे शिकतात. नसणे, एकपण आणि समकालीनता यांविषयी प्रणालीने घेतलेली भूमिका मात्र हळूहळू माहितीतच मुरते आणि दहा वर्षांनी ती उपसून काढणे फार जड जाते. म्हणून तुलना तिथून सुरू व्हायला हवी.

अभावाचा जितका बारीक विचार भारतीय दर्शनांनी केला, तितका क्वचितच कुठे झाला असेल. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त सात पदार्थ, म्हणजे अस्तित्वाचे मूळ वर्ग, सांगितले आहेत: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि सातवा अभाव. जमिनीवर घट नाही, हे ज्ञान खरे असेल तर त्या ज्ञानाचा विषयही काहीतरी असला पाहिजे, असे न्याय-वैशेषिकांचे म्हणणे. शिवाय अभाव कधीच नुसता नसतो. तो कशाचा तरी असतो, त्याला प्रतियोगी म्हणतात, आणि कुठेतरी असतो, ते त्याचे अधिकरण. या दोहोंचा उल्लेख नसलेले ‘नाही’ हे विधानच होत नाही. मीमांसकांमध्ये मात्र यावरून फूट आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेने अभाव कळण्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र, सहावे प्रमाण मानले. नैयायिकांच्या मते अभाव प्रत्यक्षानेच कळतो. प्रभाकरांच्या अनुयायांनी अभाव नावाचा वेगळा पदार्थच नाकारला: घट नसलेली जमीन म्हणजे केवळ जमीन, तिच्यावर ‘नसणे’ नावाची आणखी एक वस्तू बसलेली नसते.

या वादात एक अट पुढे आली, आणि डेटाबेसच्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची आहे. वस्तू दिसली नाही एवढ्यावरून ती नाही असे म्हणता येत नाही. ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असायला हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. असती तर दिसली असती अशा स्थितीतले न दिसणे, ही ती योग्य अनुपलब्धी. विसाव्या शतकात संगणकशास्त्र याच ठिकाणी दुसऱ्या वाटेने येऊन पोहोचले. रेमंड रायटर यांनी १९७८ साली ‘बंदिस्त जगा’चे गृहीतक मांडले: जे संग्रहात नोंदलेले नाही आणि नोंदींवरून सिद्ध होत नाही, ते असत्य मानावे. प्रत्येक रिलेशनल डेटाबेस मुकाट्याने याच गृहीतकावर चालतो. लसीकरणाच्या टेबलात ज्याची ओळ नाही त्याला लस मिळालेली नाही, असे तो उत्तर देतो. प्रत्येक डोसाची नोंद खरोखर झाली असेल तरच हे उत्तर बरोबर. एखाद्या पाड्यावरच्या शिबिराची वही संगणकात चढलीच नसेल, तर टेबल अंधारात आहे. पण ते उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने देते.

टेबल पूर्ण आहे की नाही, हे कोणतीही प्रणाली स्वतः ओळखू शकत नाही. माणसाने घातलेल्या अटी पाळून ती उजेड थोडा वाढवू शकते, इतकेच. रकाना रिकामा राहता कामा नये, डोसाची नोंद अस्तित्वात असलेल्या रुग्णाकडेच बोट दाखवणारी हवी, डोसाचा क्रमांक शून्याहून मोठा हवा, अशा या अटी असतात. इथे प्रणालींचे स्वभाव ठळक दिसतात. पोस्टग्रेएसक्यूएलने अशा अटी फार पूर्वीपासून काटेकोर पाळल्या आहेत. मायएसक्यूएलमध्ये ‘चेक’ ही मूल्य तपासणारी अट लिहिता येत असे, ती निमूट वाचलीही जात असे, पण तिचे पालन ८.०.१६ या २०१९ च्या आवृत्तीपर्यंत होतच नव्हते. त्याआधी, ५.५ या आवृत्तीपर्यंत, तिथला मूळ साठवण-भाग मायआयसॅम होता आणि त्याला परकीय कीचे, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या अस्तित्वात असलेल्या ओळीकडेच बोट दाखवण्याचे, बंधन ठाऊकच नव्हते. एसक्यूलाइटमध्ये परकीय कीची तपासणी आजही मुळात बंद असते, जुन्या प्रोग्रामांशी मेळ राहावा म्हणून. प्रत्येक जोडणीत ती चालू करावी लागते. लिहिलेली अट पाळली जात नसेल, तर ती अट नसण्यापेक्षाही घातक असते, कारण तिच्या भरवशावर पुढचा माणूस तपासणी सोडून देतो.

ओळच नसणे हा अभावाचा एक प्रकार. ओळ आहे पण रकाना रिकामा आहे, हा दुसरा, आणि अधिक वादग्रस्त. या रिकाम्या जागेला ‘नल’ म्हणतात. कॉड यांनी १९७९ च्या निबंधात ‘नल’चा अर्थ लावण्यासाठी त्रिमूल्य तर्कशास्त्र स्वीकारले: खरे, खोटे आणि अज्ञात. एसक्यूएलने तेच उचलले. त्याचे परिणाम पहिल्यांदा भेटले की धक्का बसतो. ‘वय साठ आहे किंवा साठ नाही’ हे वाक्य माणसाला निरपवाद खरे वाटते, पण ज्याचे वय नोंदलेले नाही तो या प्रश्नाच्या उत्तरात येतच नाही. दोन ‘नल’ समान आहेत का, याचे उत्तर अज्ञात. मात्र गट पाडताना तीच प्रणाली सगळे ‘नल’ एका गटात टाकते. शोध घेताना अट अज्ञात ठरली तर ओळ बाहेर राहते, पण ओळ आत घेताना ‘चेक’ची अट अज्ञात ठरली तर ओळ सुखाने आत येते. म्हणजे तेच अज्ञान दारावर निर्दोष मानले जाते आणि आत गेल्यावर दोषी. लस न घेतलेल्यांची यादी काढताना लसीकरणाच्या टेबलात रुग्णक्रमांक रिकामा असलेली एक जरी ओळ असली, तर ‘नॉट इन’ वापरून लिहिलेला प्रश्न एकही नाव परत करत नाही. त्या एका निनावी डोसामुळे कोणाविषयीही ‘याने घेतली नाही’ असे खात्रीने म्हणता येत नाही, हा त्यातला तर्क. तर्क निर्दोष आहे, आणि आरोग्य केंद्रात रिकामी यादी पाहून ‘सगळ्यांना लस मिळाली’ असे समजणारा कर्मचारीही निर्दोष आहे.

खरी अडचण तिसऱ्या सत्यमूल्याची नाही. ‘नल’मध्ये अनेक प्रकारची नसणी एकत्र कोंबली जातात, ही ती अडचण. न्यायशास्त्राने अभावाचे चार प्रकार केले. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा तो प्रागभाव, नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव, तिन्ही काळांत नसणे म्हणजे अत्यंताभाव, आणि एक वस्तू दुसरी नसणे हा अन्योन्याभाव. खातेदारांच्या टेबलात ‘मृत्यूची तारीख’ असा रकाना आहे, असे समजू. खातेदार जिवंत असेल तर तारीख रिकामी: हा प्रागभाव, ती तारीख कधीतरी भरली जाणार आहे. खातेदार एखादी सहकारी संस्था असेल तरीही रिकामी: संस्थेला मृत्यूच नाही, जसे वायूला रूप नाही, हा अत्यंताभाव. आणि खातेदार वारला आहे, पण कधी ते कोणी कळवले नाही, तरीही रिकामीच. हा तिसरा प्रकार चारांपैकी कशातच बसत नाही. तारीख जगात आहे. नाही ते आपल्यापाशी तिचे ज्ञान. नैयायिक म्हणेल की इथला अभाव खातेदाराच्या ठिकाणी नाही, जाणणाऱ्याच्या ठिकाणी आहे, अधिकरणच वेगळे. या तिन्ही माणसांशी, वा संस्थांशी, बँकेने वागायचे ते सर्वस्वी वेगळे, पण टेबलात तिघांपुढे एकच चिन्ह.

कॉड यांना हे दिसले होते. १९९० च्या आपल्या पुस्तकात त्यांनी दोन खुणा सुचवल्या: लागू आहे पण माहीत नाही याची एक, आणि मुळात लागूच नाही याची दुसरी. त्यासाठी चार मूल्यांचे तर्कशास्त्र लागत होते. एकाही प्रमुख प्रणालीने ते आणले नाही. कॉड यांचे दीर्घकाळचे सहकारी क्रिस डेट यांनी तर ‘नल’लाच विरोध केला. त्यांच्या आणि ह्यू डार्वेन यांच्या मते टेबलात फक्त जे आहे तेच लिहावे. मृत्यूची तारीख माहीत असलेल्यांचे एक टेबल, वारले एवढेच ठाऊक असलेल्यांचे दुसरे, आणि बाकीच्यांची या दोन्हींत ओळच नाही. ही भूमिका वाचताना प्रभाकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे: नसण्याला वस्तूचा दर्जा देऊ नका, असलेल्याचे नेमके वर्णन करा, की नसणे आपोआप उमगते. डेट-डार्वेन आणि प्रभाकर यांचा परस्परांशी काही ऐतिहासिक संबंध नाही. पण प्रश्न एकच असला की वाटाही मोजक्याच उरतात. व्यवहारात डेट यांचा मार्ग कोणत्याही प्रणालीत आचरता येतो, टेबलांची संख्या वाढते एवढीच किंमत. ज्या दोन-चार रकान्यांतली नसणी वेगवेगळी वागणूक मागतात, तिथे तरी ती किंमत द्यावी.

‘नल’च्या तपशिलात प्रणाली आपापल्या वाटेने जातात. ओरॅकलमध्ये लांबी शून्य असलेली अक्षरमाला म्हणजेच ‘नल’. मधले नाव नाही असे सांगणाऱ्या माणसाचा रकाना आणि ज्याला मधले नाव विचारलेच नाही त्याचा रकाना तिथे एक होतो. हा भेद मिटवणे ही ओरॅकलची सर्वांत मोठी तात्त्विक चूक म्हणावी लागेल. रिकाम्या अक्षरमालेला ‘नल’ समजू नका, असा सल्ला खुद्द ओरॅकलच्या दस्तऐवजांतच दिलेला आहे. पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट हा भेद राखतात. एखादा रकाना एकमेव असावा अशी अट घातली, तर एसक्यूएल सर्व्हर त्यात एकच ‘नल’ चालवून घेतो. पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएल कितीही चालवतात, कारण दोन अज्ञात सारखे आहेत हे कोणी सिद्ध केलेले नाही. पोस्टग्रेएसक्यूएलने पंधराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, दोन्हींपैकी कोणता अर्थ हवा ते सांगण्याची सोय केली. क्रम लावताना पोस्टग्रेएसक्यूएल आणि ओरॅकल ‘नल’ला सर्वांत मोठे मानतात, तर मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट सर्वांत लहान. गुणवत्ता यादी उतरत्या क्रमाने लावली आणि काही सांगितले नाही, तर पहिल्या गटात ज्यांचे गुण नोंदलेच नाहीत ते अग्रभागी येतात.

प्रध्वंसाभावाची कथा वेगळी आहे. साध्या टेबलातून ओळ पुसली की ती कधी नव्हतीच असे होते. न जन्मलेले आणि मेलेले यांत फरक उरत नाही. जमिनीच्या किंवा कर्जाच्या नोंदीत हे चालत नाही, तिथे काल काय लिहिले होते हाही पुरावा असतो. गंमत अशी की आत खोलवर या प्रणाली जुन्या ओळी काही काळ जपूनच ठेवतात, वाचणाऱ्यांना स्थिर चित्र दिसावे म्हणून. पोस्टग्रेएसक्यूएलचा पूर्वज असलेला बर्कलीतला मूळ पोस्टग्रेस तर भूतकाळातले चित्र विचारू देत असे; ती सोय १९९७ च्या सुमारास काढून टाकण्यात आली आणि आज पोस्टग्रेएसक्यूएलमधल्या मृत ओळी साफसफाईत नाहीशा होतात. एसक्यूएल सर्व्हरने २०१६ च्या आवृत्तीत आणि मारियाडीबीने १०.३ मध्ये टेबलाचा इतिहास राखण्याची सोय दिली; ओरॅकलमध्ये त्यासाठी फ्लॅशबॅक आहे. ज्यांना न्यायालयात भूतकाळ सिद्ध करावा लागतो, त्यांनी या सोयीला वेगापेक्षा अधिक गुण द्यावेत.

आता एकपणाचा प्रश्न. तत्त्वज्ञ लायब्निट्स यांच्या तत्त्वानुसार ज्या दोन वस्तूंचे सगळे गुणधर्म सारखे, त्या दोन नसून एकच. कॉड यांच्या लेखी रिलेशन, म्हणजे टेबल, हा संच असल्यामुळे तिथे हे तत्त्व आपोआप पाळले जाते. एकसारख्या दोन ओळी शक्यच नाहीत. एसक्यूएलने मात्र दुबार ओळींना परवानगी दिली. मग त्यांना वेगळे कशाने ओळखायचे? वैशेषिकांपुढे हाच पेच पृथ्वीच्या दोन परमाणूंच्या बाबतीत होता. रूप, रस, गंध सारे सारखे. तरी ते दोन आहेत. त्यांनी प्रत्येक परमाणूत ‘विशेष’ नावाचा, दुसऱ्या कशानेही न सांगता येणारा भेदक मानला. डेटाबेस चालवणाऱ्यांनाही तेच करावे लागले. ओरॅकल आणि एसक्यूलाइट यांच्यात ओळीला एक अंतर्गत ओळख असते, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तिचे जागेवरून ठरणारे स्थान असते, आणि मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-भागात प्राथमिक की किंवा तिची जागा घेऊ शकेल अशी एकमेव की दिली नाही तर सहा बाइटांचा लपलेला क्रमांक तयार होतो.

प्रोग्रामर बहुधा स्वतःच एक निरर्थक अनुक्रमांक जोडतात. हा मानवनिर्मित ‘विशेष’ सोयीचा आहे, पण त्याच्यावरच सगळी भिस्त ठेवली तर एकच माणूस दोन क्रमांकांनी दोनदा जन्म घेतो आणि दोन्ही ओळी निर्दोष दिसतात. वैशेषिकांनी ‘विशेष’ नित्य द्रव्यांपुरताच ठेवला होता. घट-पटांसारख्या वस्तूंचा भेद त्यांच्या अवयवांवरूनच ठरतो, असे ते म्हणत. तो संयम इथे उपयोगी आहे. अनुक्रमांक असावा, पण त्याच्या शेजारी जगातल्या गुणांवर आधारलेली एकमेवतेची अटही असावी.

आणि ते गुण समान आहेत हे तरी कोण ठरवतो? मराठी मजकुरात हा प्रश्न रोजचा आहे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे मराठी वाचकाला दोन शब्द आहेत. मायएसक्यूएल ८ ची मूळ तुलनापद्धती अक्षराचे फक्त मुख्य मूल्य पाहते आणि नुक्त्याला, म्हणजे अक्षराला जोडलेल्या टिंबाला, गौण मानते. युनिकोडच्या हिशेबात ‘ऱ’ म्हणजे ‘र’ अधिक नुक्ता, म्हणून तिच्या लेखी डोंगरातल्या दऱ्या आणि कोकणातला दर्या एकच. उलट पोस्टग्रेएसक्यूएल मूळ स्थितीत आणि एसक्यूलाइट समानतेसाठी बाइट तपासतात. तिथे हे दोन शब्द वेगळे राहतात. पण ‘ऱ’ एका चिन्हाने टाइप केलेला आणि ‘र’ला नुक्ता जोडून केलेला, हेही वेगळे ठरतात, जरी पडद्यावर डोळ्याला काडीचाही फरक दिसत नसला. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये बाराव्या आवृत्तीपासून तुलना सैल करता येते, मायएसक्यूएलमध्ये ती घट्ट करता येते. म्हणजे दोन्हीकडे बरोबर वागणूक मिळू शकते, पण मागितल्याशिवाय नाही. मतदारयादी, सातबारा किंवा ग्रंथालयसूची मराठीत ठेवणाऱ्या प्रत्येकाने ही मागणी पहिल्या दिवशी करावी, कारण नंतर एकत्र झालेल्या नोंदी विलग करणे यंत्राच्या हाती राहत नाही.

समकालीनतेचा प्रश्न सर्वांत अवघड, आणि निवडीच्या चर्चेत सर्वांत कमी ऐकू येणारा. अनेक जण एकाच वेळी वाचतात, लिहितात. आदर्श असा की त्याचा परिणाम त्यांनी एकामागोमाग एक काम केल्यासारखा व्हावा. हे महाग पडते म्हणून १९९२ च्या मानकाने विलगतेच्या, म्हणजे एकाचे काम दुसऱ्यापासून किती अलग ठेवायचे याच्या, चार पातळ्या ठरवल्या, आणि १९९५ साली जिम ग्रे प्रभृतींनी त्या व्याख्या अपुऱ्या असल्याचे दाखवून दिले. त्यांनीच स्थिरचित्र-विलगतेचे नाव आणि वर्णन दिले: प्रत्येक व्यवहाराला, म्हणजे एकत्र पार पडणाऱ्या वाचन-लेखनाच्या गटाला, सुरुवातीच्या क्षणाचे एक अचल चित्र मिळते, तो त्यावर काम करतो, आणि एकाच ओळीवर दोघांनी लिहिले तरच तंटा होतो.

धरणाच्या नियंत्रण कक्षात रात्री किमान एक अभियंता हजर हवा, असा नियम घ्या. दोघे हजर आहेत. दोघेही एकाच क्षणी रजा टाकतात. प्रत्येकाच्या चित्रात दुसरा हजर आहे, म्हणून दोन्ही रजा नियमात बसतात. प्रत्येकजण फक्त आपलीच ओळ बदलतो, म्हणून तंटाही होत नाही. सकाळी कक्षात कोणीच नसते. इथे कोणी खोटे पाहिले नाही. प्रत्येक दृष्टी तिच्यापुरती खरी होती आणि बेरीज खोटी ठरली. जैन दर्शनाने ‘नय’ आणि ‘दुर्नय’ यांत केलेला भेद या चुकीला जितका नेमका लागू पडतो तितका दुसरा कुठला विचार पडत नाही: एका बाजूने पाहिलेले सत्य हे सत्यच, पण ते स्वतःलाच पूर्ण समजू लागले आणि इतर बाजू नाकारू लागले की दोष शिरतो. स्थिरचित्रावर काम करणारा व्यवहार आपले चित्र पूर्ण समजून निर्णय घेतो.

ओरॅकलमध्ये ‘सीरियलायझेबल’ या नावाने जी पातळी मिळते ती वस्तुतः स्थिरचित्र-विलगताच आहे, आणि रजेचा हा प्रसंग तिच्यात घडू शकतो. पोस्टग्रेएसक्यूएलही २०११ पर्यंत तसाच होता, ९.१ या आवृत्तीत त्याने व्यवहारांची परस्परावलंबने पाहून धोकादायक गुंता दिसताच एकाला मागे फिरवण्याची पद्धत आणली. एसक्यूएल सर्व्हर आणि इनोडीबी त्या पातळीवर कुलुपे लावतात. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी लिहिणारा एकच असतो, त्यामुळे प्रश्नच उद्भवत नाही, आणि हे त्याचे दुबळेपण म्हणून सांगितले जात असले तरी एका यंत्रावरच्या कामाला तो मोठा दिलासा आहे. इतके असूनही ओरॅकल, पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर यांची मूळ पातळी खालची, ‘रीड कमिटेड’ असते. मायएसक्यूएलची ‘रिपीटेबल रीड’. ज्या संस्थेत नियम अनेक ओळींवर मिळून उभे आहेत, तिने मूळ पातळीवर विसंबू नये.

शेवटी साक्षीदाराच्या विश्वासार्हतेचा प्रश्न उरतो. न्यायसूत्रांनुसार शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचा उपदेश. आप्त तो, ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आहे आणि तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. डेटाबेसला इच्छा नसते, पण त्याच्या रचनेत रचनाकारांची इच्छा उतरलेली असते. मायएसक्यूएलच्या ५.७ पूर्वीच्या आवृत्त्या मूळ मांडणीत फार मोठी संख्या आली तर ती रकान्यात मावेल एवढी कापून घेत, अशक्य तारीख आली तर शून्यांची तारीख लिहीत आणि केवळ इशारा नोंदवून पुढे जात. काम थांबू नये हा त्यामागचा हेतू होता, आणि वेबच्या सुरुवातीच्या काळात त्याच वृत्तीने मायएसक्यूएल घराघरांत पोहोचला. पण सांगितले एक आणि लिहिले दुसरे, हे आप्ताचे लक्षण नव्हे. २०१५ पासून काटेकोर पद्धत तिथे मूळ झाली, ही मोठी सुधारणा. एसक्यूलाइट संख्येच्या रकान्यात शब्दही ठेवून घेतो. त्याचे कर्ते रिचर्ड हिप यांनी ती लवचिकता जाणूनबुजून राखली आणि २०२१ मध्ये काटेकोर टेबलांचा पर्यायही दिला.

काटेकोर म्हणवणाऱ्यांनाही परीक्षा चुकत नाही. २०१८ साली असे उघड झाले की चकतीवर लिहिणे फसल्याची खबर काही प्रसंगी पोस्टग्रेएसक्यूएलला नीट कळत नसे आणि तो दुसऱ्या प्रयत्नाला यश मानून पुढे जाई. दुरुस्ती अशी झाली की अशा वेळी त्याने स्वतःलाच बंद पाडावे आणि नोंदवहीवरून पुन्हा उभे राहावे. खात्री नसताना ‘लिहिले’ म्हणण्यापेक्षा गप्प होणे त्याने पत्करले. जेपसेन या चाचणी-उपक्रमाने २०२० मध्ये त्याच्या सर्वोच्च विलगतेतही एक भेग शोधली आणि ती बुजवली गेली. चूक कधीच न होण्यावर आप्तत्व अवलंबून नसते. चूक उघड्यावर येते का आणि मान्य होते का, यावर ते बरेचसे अवलंबून असते. उगमसंहिता खुली असलेल्या प्रणालींचे हे खरे बळ आहे, फुकट मिळण्यापेक्षाही मोठे.

या कसोट्यांवर पाहता निवड बरीच स्पष्ट होते. मोबाइलमधले अॅप, यंत्रातली नोंद, एका माणसाचे संशोधन यांना एसक्यूलाइटपेक्षा चांगले काही नाही, फक्त परकीय की चालू करावी आणि टेबले काटेकोर घ्यावीत. अनेक लोक लिहितात, नियम गुंतागुंतीचे आहेत आणि खोट्या उत्तराची किंमत माणसांना मोजावी लागते, तिथे नव्याने सुरुवात करताना पोस्टग्रेएसक्यूएल हा पहिला विचार असावा. प्रामुख्याने वाचन, साधे नियम आणि हाताशी असलेले अनुभवी लोक, अशा ठिकाणी आजचा मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी पुरेसा विश्वासू आहे. ओरॅकल, डीबी२ आणि एसक्यूएल सर्व्हर यांच्या बाजूने प्रचंड कामाचा अनुभव आणि करारातली जबाबदारी उभी आहे. जिथे ते आधीच रुजले आहेत तिथून केवळ परवाना-शुल्कासाठी त्यांना उपटण्यापूर्वी त्यांच्या भूमिका माहितीत किती मुरल्या आहेत ते तपासावे लागते.

ओरॅकलमधून पोस्टग्रेएसक्यूएलकडे जाताना ही तपासणी अगदी ठोस रूप घेते. ओरॅकल अक्षरमाला जोडताना ‘नल’ला काहीच नाही असे समजतो. नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव जोडून पूर्ण नाव बनवणारी क्वेरी तिथे वडिलांचे नाव नसतानाही उरलेले नाव देते. तीच क्वेरी पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये चालवली तर एका ‘नल’मुळे संपूर्ण नाव ‘नल’ होते. नव्या घरात आलेल्या प्रत्येक ‘नल’विषयी मग विचारावे लागते: हे नाव नव्हते, की सांगितले नाही, की विचारले नाही? जुन्या प्रणालीने हे तिन्ही एक केले असल्याने उत्तर यंत्रात सापडत नाही. मूळ अर्ज, कागदी वह्या आणि त्या भरणारी माणसे उपलब्ध असेपर्यंतच ते मिळते. म्हणून स्थलांतराच्या आराखड्यात अशा रकान्यांची यादी सर्वप्रथम करावी आणि ती सोडवण्याचे काम नोंदणी विभागातल्या जुन्या कर्मचाऱ्यांकडे, ते निवृत्त होण्याआधी, सोपवावे.